जोडीची लादी

आवाज झाला तेव्हा काका पाणी पीत होते.

बंदुकीसारखा होता, असं पुढे घरातल्या प्रत्येकाने सांगितलं. खारीला तो तसा वाटला नाही. जाड दोर ताणत ताणत नेऊन शेवटी तुटावा, तसा तो एकच कोरडा आवाज होता. मागोमाग काहीतरी जड सिमेंटवर आदळलं आणि सगळं शांत झालं.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच दार. रविवारी कामाला कुणी नसे, म्हणून ते लोटलेलं होतं.

"मांजर असेल," आई म्हणाली.

"हो, आणि हातात घण घेऊन आलं असेल," आत्या म्हणाली. पण ती हसली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांवर चढवलेला काळा चष्मा सावरत तीच सगळ्यांत आधी उठली. तिच्यामागे काका, बाबा, आई आणि काकांचा मुलगा मास्तर. मास्तर कुठे शिकवत नव्हता, पण बोलायला लागला की थांबत नसे. त्याचं हे नाव त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी ठेवलं होतं. काकू गेल्या, नाव राहिलं.

खार ताटावरच बसून राहिली. लहानपणी कारखान्याच्या फळ्यांवर सरसर चढायची म्हणून ती खार झाली, आणि बावीस वर्षांची झाली तरी घरात तिला दुसरं नाव नव्हतं. आज मात्र तिला हलता येईना. आत काय फुटलं असेल ते तिला ठाऊक होतं. रात्री डोळा लागता लागता हाच आवाज तिने अनेकदा ऐकला होता. फरक इतकाच, की तेव्हा तो खरा नसायचा.

"अगं, चल की," आईने दारातून हाक मारली. मग ती गेली.

लाकडी घोडीवर आडवी ठेवलेली ओतीव काचेची लादी तिरकी दुभंगली होती. अर्धी वर होती, अर्धी खाली जमिनीवर. जवळपास कुणी नव्हतं, वरून काही पडलं नव्हतं. मुठीएवढ्या जाडीची काच स्वतःहून फुटली होती.

"हात लावू नका कुणी," काका म्हणाले. गुडघ्यांवर बसून त्यांनी तुटलेल्या कडेपाशी तोंड नेलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. भट्टीपुढे उभी हयात गेलेला माणूस, पण आज त्यांच्या मानेवर घाम होता. "निवली नाही ही," ते म्हणाले. "वरून थंड झाली आणि पोटात ताण राहिला."

ओतलेली काच भट्टीत सावकाश थंड करायची, याला या घरात निववणी म्हणत. घाई झाली तर काच वरून छान दिसते, वाजवली तर गोडही वाजते, पण तिच्या आत ताण अडकून राहतो आणि कधी सुटेल ते सांगता येत नाही. म्हणून मोठं काम आलं की घरात दोन लाद्या ओतायची रीत होती. एक जाणार, एक जोडीची. कुठली जाणार ते आत्या ठरवी. तिच्याकडे दोन काळ्या पट्ट्या होत्या. खाली दिवा, त्यावर एक पट्टी, मध्ये काच आणि वर दुसरी पट्टी. काच शांत असेल तर सगळं काळं दिसतं. ताण असेल तर आत रंग उमटतात.

पण या खेपेला आत्या दवाखान्यात होती. जोडीची लादी घरी राहिली आणि दुसरी एका शाळेच्या प्रवेश-दालनात बाक होऊन बसली होती. त्या दालनाचं उद्घाटन आज संध्याकाळी होतं. बाबांनी त्यासाठीच इस्त्रीचा शर्ट चढवला होता.

"दादा," बाबा म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस. मध्येच भट्टीचं दार उघडलं होतंस का?"

काका पुन्हा त्या कडेवर वाकले.

"उघडलं होतंस. तुझी सवय मला माहीत नाही का?"

"बोटभर," काका म्हणाले. "ही निवत होती तेव्हा. नुसता डोकावलो."

"बोटभर."

"शेठ, बोटाने काही होत नाही असं मी कुठे म्हणतोय?" धाकट्या भावाला काका रागातच शेठ म्हणत, पण आज त्यात दम नव्हता. "झालं असेल माझ्याकडूनच. हल्ली गॅस बंद केला की नाही हेसुद्धा मी दोनदा बघतो."

आईने बाबांकडे पाहिलं. काकांना भट्टीवरून कसं उतरवायचं, हा विषय त्या दोघांच्या खोलीत वर्षभर चालू होता. तो आज कुणी न मांडताच सुटत होता.

"माझ्या बाबांवर सगळं ढकलायचं काही कारण नाही," मास्तर म्हणाला.

"कोण ढकलतंय?" बाबा म्हणाले. "तोच घेतोय अंगावर."

"आणि शाळेतली?" आत्याने विचारलं.

सगळे काकांकडे वळले.

"तिच्या वेळी मी इथे नव्हतोच," काका म्हणाले. "दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मास्तर होता बरोबर. तिचं दार कुणी उघडलेलं नाही."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "मग झालं तर. ही गेली ती गेली. ती ठीक आहे."

"मी बघेन तिला," आत्या म्हणाली.

"बघ की. उद्या बघ. आज तिथे पाहुणे असणार, मुलं असणार. उद्घाटनाच्या दिवशी आपण पट्ट्या घेऊन खाली वाकून बसलो तर लोक काय म्हणतील?"

सगळे पुन्हा ताटांकडे वळले. आईने भात परत गरम करायला घेतला. घरात एक चमत्कारिक हलकेपणा आला होता. दोष सापडला होता, त्याला धनी मिळाला होता, आणि धनी म्हातारा असल्यामुळे त्याला फार बोलायचीही गरज नव्हती. काका ताटात बोटं फिरवत बसले.

खारीने पाण्याचं निमित्त केलं आणि मागच्या कोठीत गेली. साच्यांची पोती तिथे छतापर्यंत रचलेली होती. मास्तर तिच्या मागोमाग आला.

"तू काही बोलणार नाहीयेस," तो हळूच म्हणाला.

"दोन्ही लाद्यांना एकच निववणी होती, मास्तर. भट्टीच्या कंट्रोलरमध्ये मी एकदाच भरली आणि दुसऱ्या वेळी तीच चालवली."

"माहीत आहे मला. पण माझ्या बाबांनी दार उघडलं होतं हेही खरं ना? कशावरून त्याने नसेल झालं? आधी खात्री कर. मग बोल."

खात्री कशी करायची, हे दोघांनाही वेगळं सांगावं लागलं नाही. फोन तिच्या हातातच होता.

फोनमधल्या एआयला विचारायची सुरुवात मास्तरनेच करून दिली होती. एका गिऱ्हाइकाला नकाराचं पत्र लिहायचं होतं आणि ते गोड लिहायचं होतं. "याला सांग," तो म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा बरं लिहितो." लिहिलंही होतं. मग दरपत्रकं, मग उशिराबद्दलच्या माफ्या. तिच्याबरोबर शिकलेल्या सगळ्या मुली तेच करत होत्या. एखादीने स्वतः काही लिहिलं तर बाकीच्या तिच्याकडे दयेने पाहत. बाबांना तर कौतुकच होतं. दुसरे कारखाने शिकतील आणि आपण बसू, असं तेच म्हणायचे.

तरी निववणीचा हिशेब तिने त्याला विचारला तो या कशामुळेच नव्हे. नवा कंट्रोलर आला, किती तापमानाला किती वेळ, त्या पायऱ्या भरायचं काम तिच्याकडे आलं, आणि काका म्हणाले, अडलं तर मला विचार. तिने एकदाच विचारलं. "जन्मापासून भट्टीजवळ आहेस आणि हे माहीत नाही?" काका म्हणाले होते, चार कामगारांसमोर. ते हसत म्हणाले, कामगारही हसले, तीही हसली. या घरात विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे दारावर लिहून लावणं होतं. फोनला कितीही वेळा विचारलं तरी तो सुस्कारा टाकत नसे. रात्री विचारा, तेच पुन्हा विचारा, मूर्खासारखं विचारा, तो म्हणे, छान प्रश्न आहे.

मग लहान वाडगे निघाले, पातळ तबकं निघाली, सगळी शांत, काळीभोर. काका एकदा जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "जमायला लागलं हं तुला." त्या टपलीनंतर परत फिरायची वाटच राहिली नाही.

आता कोठीत उभं राहून तिने जुना प्रश्न काढला. काचेचा प्रकार होता, लांबी-रुंदी होती, जाडी होती. तिने खाली लिहिलं, "लादी भट्टीच्या तळावर टेकलेली असेल आणि फक्त वरून थंड होत असेल तर?"

उत्तर यायला क्षण लागला नाही. मुद्दा चांगला आहे, त्याने म्हटलं होतं. तसं असेल तर जाडी दुप्पट धरायला हवी आणि निववणीला आधी दिलेल्या वेळेच्या साधारण चौपट वेळ लागेल. आधीचा हिशेब दोन्ही बाजूंनी थंड होणाऱ्या काचेचा होता. त्या हिशेबाने निवलेली काच मात्र सुरक्षित मानू नये.

खारीने ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"त्याने आधी का नाही सांगितलं?" मास्तर म्हणाला.

"मी कुठे सांगितलं होतं की काच तळावर टेकते?"

"पण ते तर..." मास्तर थांबला. ते तर सगळ्यांना माहीत असतं, असं त्याला म्हणायचं होतं. घरात प्रत्येकाला माहीत होतं. इतकं, की ते मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पातळ तबकं अशा चुकीतून सुटून जातात. मुठीएवढी जाड लादी सुटत नाही.

"खार, ऐक. तिथे बाक आहे म्हणजे लगेच फुटेलच असं नाही. वर्षानुवर्षं नाही फुटणार कदाचित."

"ही पण नव्हतीच फुटली," खार म्हणाली. "जेवायला बसेपर्यंत."

ती बाहेर आली तेव्हा आई वाढत होती. खारीला आपला आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"काका, तुमच्या बोटाने नाही झालं. दोन्ही लाद्या एकाच हिशेबाने निवल्या आणि तो हिशेब चुकला होता. शाळेतलीही अशीच आहे."

"हिशेब तर तू केलास," बाबा म्हणाले.

"मी नाही केला. विचारून घेतला होता."

"कुणाला?"

तिने फोन ताटांच्या मध्ये ठेवला. कुणी तो उचलला नाही. आईच्या हातातला पळा भांड्यावरच राहिला.

बाबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "हे बघ, आता कार्यक्रम होऊ दे. रात्री मी स्वतः मुख्याध्यापिकांशी बोलतो. काहीतरी कारण काढून लादी परत आणू. आत्ता जाऊन असं सांगितलंस तर उद्यापासून आपल्या दारात कोण उभं राहील?"

"मुलं बसतील त्याच्यावर, बाबा."

"तू गप्प बस. आधीच काय कमी केलंयस?"

"तिला गप्प काय करता?" आई म्हणाली. वर्षभर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली आई पळा खाली ठेवून उठली आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढून तिने काकांपुढे धरली. "भाऊजी, तुम्ही चालवा. यांचे हात थरथरताहेत."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते टेबलाखाली घेतले. मग तेही उठले.

गाडीत आत्या खारीजवळ बसली. मांडीवर काळ्या पट्ट्यांची पेटी. पेटीची कडी ती उघडत-लावत होती.

"मला तरी विचारायचंस," शेवटी ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू काकांना सांगितलं असतंस."

आत्याने विचार केला. "हो," ती म्हणाली. "सांगितलं असतं. जेवताना."

पुढून काकांनी हात मागे केला. "दाखव. काय विचारलं होतंस ते दाखव."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, ओठ हलवत. हिरवा दिवा लागला, मागची गाडी वाजली, तरी ते वाचतच होते.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले आणि फोन परत दिला. "तू जे विचारलंस त्याचं बरोबर आहे."

खारीला त्यापेक्षा थोबाडीत बसलेली चालली असती.

शाळेचं दार उघडं होतं. दालनात नव्या रंगाचा वास भरला होता. समोर, उंच खिडकीखाली, तो बाक. फिकट हिरवा, स्वच्छ, दोन दगडी पायांवर ठेवलेला. त्यावर तालमीसाठी लवकर आलेली लहान मुलं एका रांगेत दाटीवाटीने बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून ती ते झुलवत होती, आणि बुटांच्या टाचा काचेच्या खालच्या कडेवर आपटत होत्या. टक, टक, टक. मुख्याध्यापिका फोन समोर धरून सगळ्यांना हसायला सांगत होत्या.

खार पुढे धावणार तोच काकांनी तिचं मनगट पकडलं. "ओरडू नकोस. एकदम उड्या मारतील."

ते सावकाश पुढे गेले. हात पाठीमागे बांधलेले. पाहुणा म्हणून आलेल्या एखाद्या आजोबांसारखे.

"बाई, इथे चेहरे काळे येतील तुमचे," ते म्हणाले. "मागे खिडकी आहे. बाहेर अंगणात काय झकास उजेड पडलाय. मुलांनो, एक गंमत करूया? या टोकापासून एकेकाने उठायचं. जो सगळ्यांत हळू उठेल तो फोटोत मध्ये. टाच लागली की बाद. ए टोपीवाल्या, तू आधी. हळू. अरे, याहून हळू. आमची म्हातारी गोगलगाय तुझ्यापेक्षा बरी."

मुलं खिदळली आणि मग अगदी गंभीर झाली. एकेक जण अंग चोरून, श्वास धरून खाली उतरू लागला. खारीने मोजायचा प्रयत्न केला, पण तिला आकडे सुचेनात. मधल्या एका मुलीने उठताना दोन्ही तळहात काचेवर टेकले आणि अंगाचा भार दिला. बाबांनी डोळे मिटले. ती मुलगी उतरली. शेवटचा मुलगा इतका हळू उतरला की मुख्याध्यापिकाच म्हणाल्या, "आता पुरे हं."

आई सगळ्यांना अंगणात घेऊन गेली. दार लागलं. मग बाबांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं. बाबा खालच्या आवाजात बोलत होते, पण काही लपवत नव्हते. खारीला ते ऐकवेना.

आत्याने एक पट्टी विजेरीवर बांधली. मास्तर ती घेऊन वाकू लागला तसे काका म्हणाले, "हात खाली घालायचा नाही." मग उंच खिडकी उघडायच्या काठीने त्याने विजेरी जमिनीवरून बाकाखाली सरकवली. दुसरी पट्टी आत्याने खारीपुढे केली.

"मला?"

"माझा एक डोळा बंद आहे, दुसऱ्याचा भरवसा नाही. तू बघ. आणि जे दिसेल ते बोल, जे दिसायला हवं ते नको."

खारीने पट्टी डोळ्यांपुढे धरली. हिरवी काच नाहीशी झाली. तिच्या जागी रंग होते, कडेला दाट, एकाला एक चिकटलेले पट्टे, जांभळे, पिवळे, पुन्हा जांभळे. मध्यावर ते वाकून एकमेकांत घुसले होते. इतके रंग तिने कुठल्याच काचेत पाहिले नव्हते. फार सुंदर दिसत होतं ते.

"बोल," आत्या म्हणाली.

"कडेला पट्टे आहेत. मोजता येणार नाहीत इतके जवळ. डाव्या टोकाला जास्त."

आत्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली.

"दालन बंद ठेवते मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांचा हात गळ्यापाशी होता. "कुणाला येऊ देणार नाही. पण... सकाळी या खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर येतं. डाव्या बाजूला. आम्ही म्हणूनच ही जागा निवडली होती, मुलांना ऊब मिळेल म्हणून."

बाहेर अंगणात मुलं आईला काहीतरी म्हणून दाखवत होती.

"आज न्यावं लागेल," काका म्हणाले. "कारखान्यात नेऊन परत तापवायची, आणि या वेळी नीट निववायची. गाडीत गाद्या टाका. चामड्याचे हातमोजे आहेत पुढे. शेठ, तू आणि मास्तर दार धरा. उचलायला दोघंच, जास्त जण काचेजवळ नकोत. एक मी."

"दुसरी मी," खार म्हणाली.

"तू नको," बाबा म्हणाले. ते लगेच पुढे आले होते. "मी धरतो."

"बाबा, तुमचे हात अजून थरथरताहेत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून त्यांनी तिच्या एका हातमोज्याच्या वर, मनगटापासून कोपरापर्यंत, घट्ट गुंडाळला. दुसरा हात आत्याने आपल्या ओढणीने बांधला. बनियनवर उभ्या असलेल्या बाबांना मुख्याध्यापिका पाहत होत्या, आणि बाबांना त्याचं भान नव्हतं.

काका उजव्या टोकाला गेले. खार डाव्या टोकाला उकिडवी बसली. आता काच तिच्या तोंडासमोर होती, नितळ, थंड, पोटात काही नसल्यासारखी. पलीकडे काकांचे हात दिसत होते, काचेतून जरा वाकडे झालेले.

तिने हात पुढे केले आणि थांबवले. आधी कुठलं टोक? दोन्ही एकदम? सरळ वर, की आधी जरा तिरकं करून दगडावरून सुटू द्यायचं? तिला माहीत नव्हतं. आत्या बघत होती, बाबा बघत होते, मास्तर दार धरून बघत होता.

"काका," ती म्हणाली, "आधी कुठली बाजू उचलायची?"

काकांनी लादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग पुन्हा फिरवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "असा तुकडा मी कधी उचललेला नाही."

या घरात, भट्टीपुढे, हे वाक्य याआधी कुणी ऐकलं नव्हतं. आत्याने काळा चष्मा काढला.

"डाव्या टोकाला पट्टे जास्त म्हणालीस ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग तुला काय वाटतं?"

खारीने काचेकडे पाहिलं. तिला तिथे काहीच दिसत नव्हतं. तिने डोळे मिटून ते रंग आठवले, कुठे दाट होते, कुठे विरळ, कुठून वाकले होते.

"दोन्ही एकदम," ती म्हणाली. "सरळ वर. जराही पीळ पडू द्यायचा नाही."

"बरं," काका म्हणाले. "तू सांग, मी उचलतो."

तिने बोटं काचेखाली सरकवली.